ले रालीझ देन्युदे

ले रालीझ देन्युदे (जपानी नाव: हादाका नो रारीझु) हा जपानमधील क्योतो शहरात इ.स. १९६७ मध्ये स्थापन झालेला आणि १९९६ पर्यंत जाहीर कार्यक्रम करीत राहिलेला रॉक बँड होता. गायक, गिटारवादक व गीतकार ताकाशी मिझुतानी हे बँडच्या संस्थापकांपैकी एक आणि अखेरपर्यंत टिकून राहिलेले एकमेव सदस्य होत. त्यांच्याभोवतीचे इतर वादक वेळोवेळी बदलत गेले.

कर्कश व प्रदीर्घ गिटारवादन, त्याखाली अखंड चालणारी साधी बेसची आवर्तने आणि प्रतिध्वनीत बुडालेले गायन ही या बँडच्या संगीताची ओळख आहे. 'नॉइज रॉक' ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी हा मार्ग धरला होता. त्यामुळे जपानी भूमिगत रॉक संगीताच्या इतिहासात त्यांची गणना आद्य बँडांमध्ये होते.

सुमारे तीस वर्षांच्या कारकिर्दीत बँडने ध्वनिमुद्रिका जवळजवळ काढल्याच नाहीत. १९७३ मधील एका संकलनातील सहभाग आणि १९९१ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेले तीन संच, एवढेच त्यांचे त्या काळातील प्रमुख अधिकृत ध्वनिसाहित्य होय. त्यांचे उर्वरित संगीत श्रोत्यांनी केलेल्या आणि हातोहात फिरलेल्या ध्वनिफितींमधून जगभर पोहोचले. माहितीच्या या टंचाईतून बँडभोवती अनेक आख्यायिका निर्माण झाल्या. २०२१ नंतर मूळ ध्वनिफितींवरून अधिकृत आवृत्त्या निघू लागल्यावर बँडच्या कारकिर्दीचे अधिक नेमके चित्र समोर आले.

नाव

'ले रालीझ देन्युदे' हे नाव दिसायला फ्रेंच असले, तरी 'रालीझ' असा शब्द फ्रेंच भाषेत नाही. 'देन्युदे' या शब्दाचा अर्थ 'विवस्त्र' किंवा 'उघडे केलेले' असा होतो. जपानी नावातील 'हादाका नो' म्हणजे 'नग्न'. 'रालीझ' या भागाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या मतानुसार तो प्रवासी पेटी या अर्थाच्या 'व्हालीझ' या फ्रेंच शब्दाचा मुद्दाम केलेला अपभ्रंश आहे. दुसऱ्या मतानुसार त्यात 'रारीरु' या जपानी बोलीतील क्रियापदाचा श्लेष आहे. गोळ्यांच्या किंवा अन्य मादक द्रव्यांच्या अमलाखाली भान हरपणे, असा या क्रियापदाचा अर्थ आहे. विल्यम बरोज यांच्या 'नेकेड लंच' या कादंबरीच्या जपानी शीर्षकाशीही ('हादाका नो रांची') बँडच्या नावाचे साम्य आहे.

पार्श्वभूमी

१९६६ च्या उन्हाळ्यात बीटल्स या इंग्लिश बँडचे तोक्योतील निप्पोन बुदोकान सभागृहात कार्यक्रम झाले. त्यानंतर जपानमध्ये विद्युत गिटार घेऊन गाणाऱ्या तरुणांच्या बँडांची लाट आली. या लाटेला 'ग्रुप साउंड्स' असे नाव पडले. या बँडांची गाणी, पोशाख आणि प्रतिमा बहुधा ध्वनिमुद्रण कंपन्या व त्यांचे व्यवस्थापक ठरवीत असत. गाणी सुटसुटीत, गोड चालींची आणि दूरचित्रवाणीवर सादर करता येतील अशी असावीत, अशी अपेक्षा असे.

याच काळात जपानमधील विद्यापीठे अशांत होती. व्हिएतनाम युद्ध, अमेरिका-जपान सुरक्षा करार आणि विद्यापीठांचे प्रशासन या प्रश्नांवर विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. १९६८ व १९६९ मध्ये अनेक विद्यापीठांच्या इमारती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेऊन अडथळे उभारले. जानेवारी १९६९ मध्ये तोक्यो विद्यापीठातील यासुदा सभागृहात विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात दोन दिवस झटापट झाली. क्योतोतील विद्यापीठेही या चळवळीची महत्त्वाची केंद्रे होती. कंपन्यांच्या चौकटीबाहेर राहून संगीत करू पाहणाऱ्यांना याच वातावरणात प्रायोगिक नाट्यसंस्था, कॉफीगृहे आणि विद्यापीठांची सभागृहे यांचा आधार मिळाला.

क्योतोतील सुरुवात (१९६७–१९६९)

बँडची स्थापना १९६७ च्या अखेरीस क्योतोतील दोशिशा विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केली. ताकाशी मिझुतानी (गायन व गिटार), ताकेशी नाकामुरा (गिटार), मोरिआकी वाकाबायाशी (बेस) आणि ताकाशी काटो (ड्रम) हे मूळ सदस्य होत. अमेरिकेतील व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचे संगीत, विशेषतः त्यांचा 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट' हा १९६८ चा अल्बम, आणि ब्लू चिअर या बँडचे अतिशय मोठ्या आवाजातील वादन यांचा प्रभाव या काळापासून जाणवतो.

१९६८ मध्ये बँडने क्योतोतील 'गेन्दाइ गेकिजो' या प्रायोगिक नाट्यसंस्थेबरोबर काम केले. या सहकार्यातून संगीताइतकेच महत्त्व रंगमंचावरील प्रकाश आणि अंधार यांना देण्याची पद्धत पुढे आली आणि ती बँडने शेवटपर्यंत सोडली नाही. नाट्यप्रयोगात संगीत साथीला असते. येथे मात्र कानठळ्या बसवणारा आवाज हाच प्रयोगाचा गाभा झाला.

एप्रिल १९६९ मध्ये क्योतो विद्यापीठात आंदोलक विद्यार्थ्यांच्या ताब्यातील आवारात झालेल्या 'बॅरिकेड अ-गो-गो' या कार्यक्रमात बँडने भाग घेतला. या कार्यक्रमामुळे बँडचे नाव विद्यार्थी चळवळीशी जोडले गेले. मिझुतानींच्या गीतांमध्ये मात्र घोषणा किंवा राजकीय कार्यक्रम आढळत नाहीत. या सुरुवातीच्या वर्षांतील काही ध्वनिमुद्रणे पुढे '६७-'६९ स्त्युदिओ ए लिव्ह' या संचात समाविष्ट करण्यात आली.

योदो विमान अपहरण आणि बँड

३१ मार्च १९७० रोजी जपान एअरलाइन्सच्या 'योदो' नावाच्या विमानाचे तोक्योहून फुकुओकाला जात असताना अपहरण झाले. अपहरणकर्ते 'सेकिगुन-हा' (लाल सेना गट) या जहाल डाव्या संघटनेचे नऊ सदस्य होते आणि ताकामारो तामिया हे त्यांचे नेते होते. फुकुओका येथे काही प्रवाशांना सोडल्यानंतर विमान दक्षिण कोरियातील सोल शहराच्या किम्पो विमानतळावर उतरले. हे ठिकाण उत्तर कोरियातील प्याँगयांग असल्याचा देखावा तेथे उभा करण्यात आला होता, परंतु अपहरणकर्त्यांनी तो ओळखला. जपानचे परिवहन उपमंत्री शिन्जिरो यामामुरा यांनी प्रवाशांच्या बदल्यात स्वतः ओलीस राहण्याचे मान्य केल्यावर उरलेले प्रवासी मुक्त झाले. त्यानंतर विमान ३ एप्रिल रोजी उत्तर कोरियात पोहोचले. अपहरणकर्त्यांना तेथे आश्रय मिळाला.

या नऊ जणांमध्ये बँडचे मूळ बेसवादक मोरिआकी वाकाबायाशी होते. त्यांनी पुढील आयुष्य उत्तर कोरियात काढले. अपहरण हे संघटनेचे कृत्य होते. बँडचा त्यात सहभाग नव्हता. तरीही या एका घटनेने बँडची सार्वजनिक प्रतिमा कायमची बदलली. अपहरणात सामील होण्याविषयी मिझुतानी यांनाही विचारण्यात आले होते आणि त्यांनी नकार दिला, अशी कथा पाश्चात्त्य लेखनात वारंवार येते. पोलिसांच्या पाळतीमुळे मिझुतानी प्रसिद्धीपासून दूर गेले, असेही अनेकदा लिहिले गेले आहे. मात्र बँडची तिन्ही दशकांतील अलिप्तता केवळ या घटनेने स्पष्ट होत नाही. १९७० नंतरही बँड जाहीर कार्यक्रम करीत होता, त्याच्या जाहिराती होत होत्या आणि कार्यक्रमांना श्रोतेही येत होते. मिझुतानी यांनी टाळले ते ध्वनिमुद्रण व्यवसायाला.

तोक्यो आणि 'ओझ' (१९७०–१९७३)

मूळ सदस्यांचा संच विस्कळीत झाल्यावर मिझुतानी यांनी नव्या साथीदारांसह काम चालू ठेवले. दोशिशा विद्यापीठातच शिकलेले मकोतो कुबोता हे या काळात बँडशी जोडले गेले. त्यांनी पुढे 'सनसेट गँग' (जपानी नाव: युयाके गाकुदान) या बँडद्वारे आणि निर्माता म्हणून स्वतंत्र नावलौकिक मिळवला. १९७० च्या सुमारास झालेल्या काही ध्वनिमुद्रणांत मिझुतानी यांचा निराळाच पैलू दिसतो. ध्वनिक गिटारच्या साथीने हळू आवाजात गायलेली ही गीते लोकसंगीताच्या जवळची आहेत. पुढे याच गीतांपैकी काही प्रचंड गोंगाटाच्या रूपात सादर झाली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी बँडचे कार्यक्षेत्र क्योतोहून तोक्योकडे सरकले. तोक्योच्या पश्चिमेकडील किचिजोजी भागात जून १९७२ मध्ये 'ओझ' हे छोटे रॉक कॉफीगृह सुरू झाले. मोठ्या सभागृहांत किंवा दूरचित्रवाणीवर स्थान नसलेल्या वादकांना तेथे मोकळेपणी कार्यक्रम करता येत. रालीझ तेथे नियमितपणे वाजवीत. 'ओझ'चे व्यवस्थापक मिनोरु तेझुका यांनी पुढे बँडच्या कामकाजातही महत्त्वाची भूमिका बजावली.

सप्टेंबर १९७३ मध्ये 'ओझ' बंद झाले. त्याची आठवण म्हणून 'ओझ डेज लाइव्ह' हा दोन एलपी तबकड्यांचा संच खासगीरीत्या काढण्यात आला. त्यात ताजमहाल ट्रॅव्हलर्स, मासातो मिनामी आदींबरोबर रालीझ यांनाही स्थान मिळाले. १९९१ पूर्वी बँडचे संगीत अधिकृत तबकडीवर ऐकायचे तर हा संच हेच मुख्य साधन होते.

ताचिकावा येथील कार्यक्रम (१९७७)

१२ मार्च १९७७ रोजी तोक्यो महानगरातील ताचिकावा येथे, समाजशिक्षण केंद्राच्या सभागृहात झालेला कार्यक्रम बँडच्या कारकिर्दीतील सर्वाधिक ऐकला गेलेला कार्यक्रम ठरला. त्या वेळी मिझुतानी यांच्यासह ताकेशी नाकामुरा (गिटार), हिरोशी नार (बेस) आणि तोशिरो मिमाकी (ड्रम) हे वादक होते. 'एंटर द मिरर' या संथ गीतापासून 'द लास्ट वन' या समारोपाच्या रचनेपर्यंत त्यात एकूण सात गीते आहेत. 'द लास्ट वन' वीस मिनिटांहून अधिक काळ चालते.

या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात बँडची शैली पूर्ण विकसित रूपात ऐकू येते. बेस आणि ड्रम एकाच लयीला घट्ट धरून राहतात. दोन गिटारांपैकी एक ताल सांभाळते, तर दुसरी सुरांची चौकट मोडून सलग ध्वनीचा पडदा उभा करते. 'योरु, आन्सात्सुशा नो योरु' (रात्र, मारेकऱ्यांची रात्र) या गीतातील बेसची चाल १९६३ च्या 'आय विल फॉलो हिम' या लोकप्रिय अमेरिकन प्रेमगीताशी मिळतीजुळती आहे. प्रसन्न, निरागस प्रेमगीताचा हा सांगाडा काळोख्या आणि हिंस्र वातावरणात वापरल्यामुळे या गीताला विलक्षण परिणाम लाभला आहे.

फुजिओ यामागुची यांचा सहभाग आणि १९८० चे दशक

ऑगस्ट १९८० ते मार्च १९८१ या अल्प काळात गिटारवादक फुजिओ यामागुची बँडमध्ये होते. यामागुची हे 'डायनामाइट्स' या ग्रुप साउंड्स बँडमधून पुढे आले होते आणि क्योतोतील 'मुराहाचिबु' या गाजलेल्या रॉक बँडचे प्रमुख वादक म्हणून प्रसिद्ध होते. रॉक अँड रोल व ब्लूज शैलीतील त्यांचे स्पष्ट, तालबद्ध वादन आणि मिझुतानी यांची विस्कटलेली ध्वनिरचना यांच्या संयोगामुळे या काळातील कार्यक्रम वेगळे उठून दिसतात. या संचात दोरोंको (बेस) आणि युकिमिची नोमा (ड्रम) यांचा समावेश होता. ऑक्टोबर १९८० मध्ये तोक्योच्या शिबुया भागातील 'यानेउरा' या कार्यक्रमस्थळी झालेले त्यांचे सादरीकरण पुढे अधिकृतरीत्या प्रसिद्ध झाले.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी रॉक संगीताची मोठी बाजारपेठ उभी केली. दुसरीकडे कान्साई प्रदेशात 'हिजोकाइदान' (स्थापना १९७९) यांसारख्या गटांनी लय, चाल व रचना यांना पूर्णतः फाटा देणारे गोंगाटसंगीत सुरू केले. रालीझ या दोन्ही प्रवाहांत सामील झाले नाहीत. त्यांचा गोंगाट गीताच्या चौकटीतच राहिला. प्रत्येक रचनेत बेसची ओळखीची चाल आणि गायलेले शब्द शिल्लक असत. दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे कार्यक्रम विरळ होत गेले.

१९९१ ची प्रकाशने आणि अखेरचे कार्यक्रम

ऑगस्ट १९९१ मध्ये 'रिव्हिस्ता' या नावाखाली बँडचे तीन सीडी संच एकाच वेळी प्रसिद्ध झाले: '६७-'६९ स्त्युदिओ ए लिव्ह', 'मिझुतानी' आणि ''७७ लाइव्ह'. ध्वनिमुद्रणांची निवड मिझुतानी यांच्या संमतीने झालेली असल्याने बँडने स्वतः मान्य केलेले साहित्य म्हणून या तिन्ही संचांना विशेष महत्त्व आहे. पहिल्यात विद्यार्थिदशेतील उग्र वादन, दुसऱ्यात शांत गीते आणि तिसऱ्यात ताचिकावाचा कार्यक्रम आहे. सीडींच्या प्रती मर्यादित संख्येत काढल्या होत्या. त्या लवकरच संपल्या आणि पुढील तीन दशके संग्राहकांमध्ये चढ्या किमतीला विकल्या जात राहिल्या. १९९२ मध्ये बँडच्या दृश्यचित्रणाची एक व्हिडिओ कॅसेटही निघाली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये बँड पुन्हा रंगमंचावर आला. १३ फेब्रुवारी रोजी कावासाकी येथील 'क्लब चित्ता' या सभागृहात झालेला कार्यक्रम या पर्वातील सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम होय. योकाइ ताकाहाशी या काळात बेस वाजवीत होते. यानंतर तुरळक कार्यक्रम होत राहिले आणि १९९६ नंतर बँड पुन्हा जाहीरपणे दिसला नाही. विसर्जनाची औपचारिक घोषणा झाली नाही.

संगीतशैली

ध्वनिरचना

रालीझ यांच्या बहुतेक रचना अत्यंत साध्या पायावर उभ्या आहेत. बेसवर दोन-चार स्वरांची एक छोटी चाल असते आणि ती पंधरा-वीस मिनिटे जवळजवळ न बदलता फिरत राहते. ड्रमचा ठेका तिला जोडलेला असतो. या स्थिर पायावर मिझुतानी यांची गिटार मुक्तपणे वावरते.

त्यांच्या गिटारच्या नादात तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. पहिली म्हणजे 'फझ' या उपकरणाने मुद्दाम फाटका व खरखरीत केलेला आवाज. दुसरी म्हणजे प्रतिध्वनी निर्माण करणारे यंत्र. त्यामुळे वाजवलेला प्रत्येक स्वर पुनःपुन्हा परत येतो आणि आधीच्या स्वरांवर चढत जातो. तिसरी म्हणजे फीडबॅक. अँप्लिफायरमधून बाहेर पडणारा आवाज गिटारच्या तारांना पुन्हा कंपित करतो, ते कंपन पुन्हा अँप्लिफायरमध्ये जाते आणि या चक्रातून एक अखंड किंकाळी निर्माण होते. सामान्यतः वादक हा दोष टाळतात. मिझुतानी यांनी त्यालाच मुख्य वाद्य केले. स्वर बदलण्यासाठी ते बोटांइतकाच अँप्लिफायरपासूनच्या अंतराचा आणि शरीराच्या दिशेचा उपयोग करीत.

या रचनेमुळे श्रोत्याचे लक्ष हळूहळू चालीवरून ध्वनीच्या पोताकडे जाते. एकच चाल दीर्घकाळ ऐकल्यावर तिचे भान मागे पडते आणि गोंगाटातील सूक्ष्म चढउतार ऐकू येऊ लागतात. त्यामुळे बँडचे संगीत एकाच वेळी आक्रमक आणि ध्यानमग्न वाटते, असे निरीक्षण अनेक समीक्षकांनी नोंदवले आहे.

गीते

गीते मुख्यतः जपानी भाषेत असून शीर्षके जपानी, इंग्रजी व फ्रेंच अशा तिन्ही भाषांत आढळतात. रात्र, काळोख, आरसा, बर्फ, ज्वाळा, स्मृती आणि विरह या प्रतिमा त्यांत सतत येतात. 'योरु योरी फुकाकु' (रात्रीहून खोल), 'कोओरी नो होनोओ' (बर्फाची ज्वाळा), 'किओकु वा तोओई' (स्मृती दूर आहे), 'शिरोई मेझामे' (शुभ्र जाग) आणि 'झोका नो गेन्या' (कृत्रिम फुलांचे माळरान) ही काही प्रसिद्ध गीते होत. शब्द थोडे आणि स्वर संयत असतो. गोंगाटाच्या तुलनेत गायन मागे ठेवलेले असल्याने ते दुरून आल्यासारखे भासते.

एकाच गीताची अनेक रूपे

बँडचा गीतसंग्रह लहान होता. तीच पंधरा-वीस गीते त्यांनी वर्षानुवर्षे सादर केली, मात्र प्रत्येक वेळी त्यांची लांबी, गती आणि तीव्रता वेगळी असे. १९७० मध्ये मंद स्वरात गायलेले एखादे गीत काही वर्षांनी ओळखू न येण्याइतके बदललेले आढळते. त्यामुळे कोणत्याही गीताची एक 'मूळ' किंवा 'अंतिम' आवृत्ती दाखवता येत नाही. अल्बम न काढण्याच्या भूमिकेशी ही पद्धत सुसंगत होती, कारण तबकडीवर गेलेले गीत तेथेच स्थिर होते.

रंगमंच

मिझुतानी काळे कपडे, लांब केस आणि काळा चष्मा अशा वेशात उभे राहत आणि श्रोत्यांशी क्वचितच बोलत. सभागृह अंधारलेले असे. वेगाने उघडमीट करणारे तीव्र दिवे, फिरता आरशांचा गोळा आणि पडद्यावर हलणारे रंग यांचा वापर केला जाई. आवाजाची पातळी शारीरिकदृष्ट्या असह्य वाटावी इतकी मोठी ठेवण्यात येई. ध्वनिफितींमधून या अनुभवाचा केवळ एक भाग कळतो, असे प्रत्यक्ष कार्यक्रम पाहिलेल्या श्रोत्यांनी लिहिले आहे.

अनधिकृत ध्वनिमुद्रणे

अधिकृत तबकड्यांच्या अभावी बँडचे संगीत टिकवण्याचे काम श्रोत्यांनी केले. कार्यक्रमांत लपवून नेलेल्या कॅसेट यंत्रांवरील ध्वनिमुद्रणांच्या प्रती चाहत्यांमध्ये फिरू लागल्या. पुढे याच साहित्यावरून परवानगीविना काढलेल्या तबकड्या आणि सीडी बाजारात आल्या. 'हेव्हिअर दॅन अ डेथ इन द फॅमिली' आणि 'ब्लाइंड बेबी हॅज इट्स मदर्स आइज' हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध संच होत. पहिल्या संचातील बरेचसे साहित्य १९७७ च्या ताचिकावा कार्यक्रमाचेच आहे. इ.स. २००० नंतर अनेक सीडींचे मोठे संच निघाले आणि आंतरजालामुळे ते जगभर उपलब्ध झाले.

या व्यवहाराच्या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात. या प्रतींविना बँडचे नाव जपानबाहेर फारसे पोहोचले नसते आणि अनेक कार्यक्रमांचा पुरावाही उरला नसता. मात्र विक्रीचा मोबदला वादकांना मिळाला नाही. तारखा, स्थळे, वादकांची नावे आणि गीतांची शीर्षके अनेकदा चुकीची छापली गेली आणि त्याच चुका पुढील लेखनात उतरल्या. प्रतीवरून प्रत काढताना आवाजही बिघडत गेला. बँडचा म्हणून ओळखला गेलेला धूसर, खरखरीत नाद काही अंशी वादनाचा, तर काही अंशी झिजलेल्या फितीचा होता. आपण नेमके काय ऐकत आहोत, हा प्रश्न त्यामुळे चाहत्यांपुढे कायम राहिला.

बँडविषयीच्या लेखनातही असेच घडले. ब्रिटिश संगीतकार ज्युलियन कोप यांच्या 'जपरॉकसँपलर' (२००७) या पुस्तकाने इंग्रजी वाचकांना बँडची ओळख करून दिली. त्यात त्यांनी 'हेव्हिअर दॅन अ डेथ इन द फॅमिली' या संचाला आवडत्या जपानी अल्बमांच्या यादीत वरचे स्थान दिले. पुस्तकातील अनेक तपशिलांवर मात्र पुढे जाणकारांनी आक्षेप घेतले.

मिझुतानी यांचे निधन आणि अधिकृत संग्रह

१९९६ नंतर मिझुतानी यांच्याविषयी तर्कवितर्क चालू राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये बँडचे अधिकृत संकेतस्थळ सुरू झाले आणि मिझुतानी यांचे २०१९ मध्येच निधन झाल्याचे त्यावरून जाहीर करण्यात आले. 'द लास्ट वन म्युझिक' या नावाने बँडच्या वारशाची व्यवस्था पाहिली जाईल, असेही सांगण्यात आले.

यानंतर अमेरिकेतील 'टेंपोरल ड्रिफ्ट' या प्रकाशनसंस्थेच्या सहकार्याने ध्वनिमुद्रणे पुन्हा निघू लागली. २०२२ मध्ये 'द ओझ टेप्स' हा १९७३ मधील ध्वनिमुद्रणांचा संच आला. त्याच वर्षी १९९१ चे तिन्ही संच तीन दशकांनंतर पुन्हा उपलब्ध झाले. पुढे कावासाकी येथील १९९३ च्या आणि 'यानेउरा' येथील १९८० च्या कार्यक्रमांचे संचही प्रसिद्ध झाले. मूळ फितींवरून ध्वनी शुद्ध करण्याचे काम जुने साथीदार मकोतो कुबोता यांनी केले. या आवृत्त्यांत बेस, ड्रम व गायन पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे अनधिकृत प्रतींमध्ये एकसंध गोंगाट वाटणाऱ्या भागांतही वादकांनी राखलेली शिस्त जाणवते. जुन्या प्रतींची सवय झालेल्या काही श्रोत्यांना मात्र तो धूसर नादच अधिक जवळचा वाटतो.

प्रभाव

जपानमधील भूमिगत रॉक संगीताच्या पुढील पिढ्यांवर या बँडचा ठसा दिसतो. केइजी हाइनो यांचा 'फुशित्सुशा' (स्थापना १९७८), आसाहितो नान्जो यांचा 'हाय राइज' आणि मकोतो कावाबाता यांचा 'ॲसिड मदर्स टेंपल' या बँडांच्या संदर्भात रालीझ यांचा उल्लेख नेहमी केला जातो. हिदेओ इकेएझुमी यांनी १९८४ मध्ये तोक्योत सुरू केलेल्या 'पीएसएफ रेकॉर्ड्स' या प्रकाशनसंस्थेने अशा संगीताला आंतरराष्ट्रीय श्रोते मिळवून दिले. रालीझ यांच्यापेक्षा वेगळा मार्ग पत्करून या बँडांनी तबकड्या काढल्या आणि परदेश दौरेही केले. परिणामी अनेक परदेशी श्रोते आधी या नंतरच्या बँडांपर्यंत आणि मग त्यांच्यामार्फत रालीझ यांच्यापर्यंत पोहोचले.

बँडचे ऐतिहासिक स्थान दोन अंगांनी पाहिले जाते. संगीताच्या दृष्टीने त्यांनी साध्या रॉक गीताची चौकट न मोडता तिच्यात गोंगाटाला मध्यवर्ती स्थान दिले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांनी प्रत्यक्ष सादरीकरणालाच आपली मुख्य कृती मानले. या दुसऱ्या निवडीमुळे त्यांच्या संगीताचे जतन, त्याचे नामकरण आणि बराच काळ त्याचा इतिहासही इतरांच्या हाती गेला. २०२१ नंतरच्या अधिकृत आवृत्त्यांमुळे ही स्थिती काही प्रमाणात पालटली आहे.

प्रमुख सदस्य

• ताकाशी मिझुतानी – गायन, गिटार (१९६७–१९९६)
• ताकेशी नाकामुरा – गिटार (मूळ सदस्य, १९७७ च्या कार्यक्रमातही सहभाग)
• मोरिआकी वाकाबायाशी – बेस (मूळ सदस्य)
• ताकाशी काटो – ड्रम (मूळ सदस्य)
• हिरोशी नार – बेस (१९७० चे दशक)
• तोशिरो मिमाकी – ड्रम (१९७० चे दशक)
• फुजिओ यामागुची – गिटार (१९८०–१९८१)
• दोरोंको – बेस (१९८० चे दशक)
• युकिमिची नोमा – ड्रम (१९८० व १९९० चे दशक)
• योकाइ ताकाहाशी – बेस (१९९० चे दशक)

निवडक अधिकृत ध्वनिमुद्रणे

• ओझ डेज लाइव्ह (१९७३, इतर कलाकारांसह)
• '६७-'६९ स्त्युदिओ ए लिव्ह (१९९१)
• मिझुतानी (१९९१)
• '७७ लाइव्ह (१९९१)
• द ओझ टेप्स (२०२२, ध्वनिमुद्रण १९७३)
• चित्ता '९३ (ध्वनिमुद्रण १९९३)
• यानेउरा ऑक्टोबर '८० (ध्वनिमुद्रण १९८०)